खंडाळ्याचे पडदे आणि पुण्याचा फोन

येसूबाईंचा नवरा निवृत्ती खंडाळ्याला रेल्वेत गँगमन होता. त्यांच्या लहानशा घरात शिवणाचं हातमशीन आलं ते येसूबाईंच्या हट्टानं. पुण्याच्या दुकानात जाऊन त्यांनी ते स्वतः चालवून, पारखून आणलं. झबली-परकर शिवता शिवता एकोणीसशे पासष्टच्या उन्हाळ्यात त्यांनी दरीकाठच्या एका हॉटेलचे पडदे शिवायचं काम मिळवलं.

निम्मे पडदे झाले आणि मशीन बिघडलं. कापडाखाली दोऱ्याचं जाळं व्हायला लागलं. येसूबाईंनी बॉबिन काढून पुन्हा बसवली, सुई बदलली, तेल घातलं. काही उपयोग झाला नाही. हॉटेलचं काम परत देऊन टाक, असं निवृत्तीचं म्हणणं पडलं. येसूबाईंनी मशीन डोक्यावर घेतलं आणि सरळ हॉटेल गाठलं. पाहुणे यायच्या आत पडदे हवे असतील तर पुण्याच्या दुकानाला फोन जोडून द्या, असं त्यांनी मॅनेजरला सांगितलं.

ट्रंककॉल लागायला दुपार झाली. पलीकडे दुकानाचे मेकॅनिक अंबाजी होते. येसूबाईंनी फोन पहिल्यांदाच हातात धरला होता, पण झालं ते सगळं नीट सांगितलं. अंबाजींनी मधे तोडलं नाही. जाळं कापडाच्या वर येतं की खाली, एवढंच विचारलं.

“खालीच येतंय. वरची शिवण चांगली हाय.”

“मग बॉबिनला हात लावू नका, ताई. बिघाड वर आहे. सुईजवळची कापड दाबणारी पट्टी उचला, दोरा काढा, आणि तो ज्या दोन चकत्यांमधून जातो तिथं चिंधी फिरवा.”

मॅनेजरनं रिसीव्हर त्यांच्या कानाशी धरला. येसूबाईंनी चिंधी ओढली, तसा कापडाच्या तुसाचा काळा बोळा बाहेर आला. दोरा ओवून त्यांनी तुकड्यावर टीप घातली. अंबाजींनी रिसीव्हर मशीनजवळ न्यायला लावला, आवाज ऐकला आणि कापड उलटं करून बघायला सांगितलं. ऑपरेटर वेळ संपल्याचं सांगत होती. मॅनेजरनं चालू ठेवायला सांगितलं.

“न्हाई जाळं,” येसूबाई म्हणाल्या. “सरळ टीप हाय.”

राहिलेले पडदे त्यांनी तिथेच, हॉटेलच्या व्हरांड्यात बसून शिवले. पाहुणे आले त्या दिवशी खोल्याखोल्यांत ते लागलेले होते, आणि चादरींचं कामही त्यांच्याकडेच आलं.

पुढे पुण्याला गेल्यावर त्या मुद्दाम दुकानात गेल्या. अंबाजींनी आवाजावरूनच ओळखलं. मशीन एकदा साफ करायला घेऊन या, म्हणाले.

“आणीन की. पर आतलं समदं मला उघडून दावा. पुढच्या येळी माझी मी करीन.”

अंबाजींनी स्टूल पुढे सरकवलं आणि दुकानातलंच एक मशीन त्यांच्यासमोर उघडलं.