डावा पाय

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. बी.एस्सी. फिजिक्स, पुढं बी.एड. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या माझ्या दारावरच्या पाटीवर नावापुढं डिग्री लिहिलेली आहे. ती लावताना लाज वाटली नव्हती, आजही वाटत नाही. त्यामुळं नात्यात कुणाला विहिरीवरची मोटर घ्यायची असो की पोराला कॉलेजात घालायचं असो, पहिला फोन मला. हा मान मला आवडायचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातनंच झालं.

माझी थोरली बहीण, आक्का, चंदगड तालुक्यात दिलेली. दाजींचा काजू सोलायचा छोटा कारखाना. त्यांचा एकुलता एक पोरगा तेव्हा वीस वर्षांचा, लायसन मिळून आठ महिने झालेले. शिकला होता काजूची पोती वाहणाऱ्या पिकअपवर. भर पावसात, घाटाच्या चढावर, भरल्या गाडीनिशी तो नुसत्या हाफ क्लचवर पिकअप उभी करायचा. डावा पाय अर्धा दाबलेला, उजव्या पायानं जराशी रेस. गाडी इंचभर मागं सरकायची नाही. मग डावा पाय हळूच सोडला की पिकअप गुरगुरत वर. दाजी आल्यागेल्याला हे दाखवायचे. "बघा की पावणं, मागं केसभर सरकली तर सांगा!"

त्याला कार घ्यायची ठरली तेव्हा तिघं कोल्हापूरला आले आणि मी त्यांना उचगावच्या बाजूच्या एका शोरूममध्ये घेऊन गेलो. आकार तोच, पण गाड्या दोन. एक लहान इंजिनची, साध्या गिअरची. दुसरी टर्बो, ताकद जवळपास दीडपट, ऑटोमॅटिक, क्लच नाही. भाच्याची नजर दुसरीवरनं हलत नव्हती. घरून निघताना माझं पक्कं होतं की लहान इंजिनची घ्यायची, वर्ष-दोन वर्षं हात बसू द्यायचा, मग बघू.

सेल्समननं टॉर्कचा आकडा सांगितला. दाजींनी विचारलं, "म्हंजी काय ओ त्ये?"

सेल्समन घुटमळला आणि मी सुरू झालो. लांब दांड्याच्या पान्यानं नट का लवकर सुटतो, तिथपासून. हातवारे करत. शेजारच्या टेबलावरचं गिऱ्हाईकही ऐकायला लागलं. सेल्समन म्हणाला, "सर, आम्हाला ट्रेनिंगमध्ये पण एवढं कुणी सांगितलं नाही." मग मी थांबतोय कशाला? बोलता बोलता मी टर्बोच्याच बाजूला जाऊन बसलो. ताकद असली की ओव्हरटेक झटक्यात होतं, समोरच्या ट्रकपुढं माणूस कमी वेळ राहतो, म्हणजे तीच सुरक्षित, असं म्हणालो. खोटं काहीच नव्हतं त्यात. फक्त गाडी कुणाच्या हातात, हे मी हिशेबात धरलं नव्हतं.

"मामा म्हणालं की झालं!" भाचा उठलाच.

आक्कानं तेवढं विचारलं, "त्येला झेपंल न्हवं?"

"आक्का, गाडी त्याच्यापेक्षा शहाणी आहे," मी म्हणालो. सगळे हसले. भाचाही.

टेस्ट ड्राइव्हला मी मागं बसलो होतो. पहिल्याच सिग्नलला गाडीनं असा दणका दिला की माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. डावा पाय क्लच शोधत गेला होता आणि सापडला ब्रेक. सेल्समन म्हणाला, "दादा, डाव्या पायाला सुट्टी द्या." दाजी म्हणाले, "इतकं दिस राबलाय त्यो, सुट्टी कशी घील?" परत हशा. पुढं दोनदा मी तो पाय उचललेला पाहिला. बोललो नाही. चार दिवसांत सवय मोडेल, असं वाटलं.

चार दिवस मिळालेच नाहीत. गाडी मिळाली त्याच दिवशी आक्कानं सांगितलं की पूजा शोरूममध्ये नको, माझ्या भावाच्या दारात करायची. माझ्या दारात, त्या पाटीखाली. मला बरं वाटलं. शोरूमचा ड्रायव्हर गाडी गल्लीत लावून गेला, तोंड घराकडं. बोनेटवर हळदीकुंकू, हार, चार चाकांखाली चार लिंबं. नारळ फुटला. आता मालकानं, म्हणजे भाच्यानं, गाडी लिंबांवरनं घालायची.

आक्का ताट घेऊन समोर उभी होती, पाठीला माझी पायरी. मी बाजूला, मोबाइलवर शूटिंग करत. तिला मी म्हणालो, "आक्का, जरा हास की!"

खरं तर रेस द्यायचीच नव्हती. ऑटोमॅटिक गाडी ब्रेकवरनं पाय काढला की आपली आपण सरकते. लिंबू तेवढ्यानं चेपतं. ही दोन वाक्यं मला येत होती. वर्गात असली दोनशे वाक्यं मी रोज सांगतो. पण गल्ली चढाची आहे, आणि चढ म्हटल्यावर त्या पोराच्या पायांनी घाटातलं केलं. डावा क्लच समजून ब्रेकवर अर्धा दाबला, उजव्यानं रेस दिली, आणि मग डावा हळूच सोडला.

लिंबं चेपली ती कुणी पाहिली नाहीत. ताट पायरीवर आपटल्याचा आवाज मात्र त्या व्हिडिओत आहे. व्हिडिओ मी पुसला.

आक्काच्या उजव्या पायाची नडगी दोन ठिकाणी मोडली, गुडघा गेला. दवाखान्यात भाचा माझ्यापुढं उभा राहून एवढंच म्हणत होता, "मामा, मी बरोबर केलंतं. मी बरोबरच केलंतं की." त्यानं बरोबरच केलं होतं. गाडी दुसरी होती.

त्यानंतर त्यानं स्टिअरिंगला हात लावला नाही. पिकअपलासुद्धा नाही. माल न्यायला दाजींनी ड्रायव्हर ठेवला, कार विकली. पोरगा कारखान्यात मान खाली घालून काजू निवडत बसायचा. आक्का व्यायामासाठी कोल्हापूरला यायची ती एस.टी.नं, काठी आणि तो पाय सांभाळत. मला एकदाही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

सहा-सात महिन्यांनी बोलली ती असं. "त्येला तू शिकीव. त्या दिवशी शिकवाय पायजे हुतंस. आता शिकीव. न्हायतर ह्ये पोर बसल्या जागी वाळंल."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं.

मी एका मित्राची जुनी, लहान इंजिनची ऑटोमॅटिक मागून घेतली. उचगावजवळ मोकळं मैदान आहे, तिथं सकाळी गेलो. आक्का हट्टानं आली. टोकाला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली. भाच्याला डाव्या पायातली चप्पल काढायला लावली, तो पाय मागं घेऊन टाच सीटला टेकवायला सांगितली. "गाडी सुटली तरी हा पाय इथनं हलवायचा न्हाई. रेस न देता नुस्ती सरकू दे." तासभर तेच. त्याचा तो पाय जागेवर राहिला. मग जरा रेस. मग ब्रेक. फिजिक्सचा एक शब्दही मी काढला नाही.

शेवटी म्हणालो, "चल, आईला घेऊ."

गाडी वळवून तो तिच्या दिशेनं आला, चालत्या माणसाच्या वेगानं. तीसेक पावलं राहिली आणि थांबला. पार्किंगला टाकली, हँडब्रेक ओढला, दोन्ही हात मांडीवर.

"अजून पुढं घे की."

"न्हाय मामा. हिथनं पुढं न्हाय."

आक्कानं काठी टेकली आणि उठली. वाकड्या पायानं, सरळ बोनेटच्या समोरनं चालत येऊ लागली. तिला आधार द्यायला मी घाईनं उतरलो, आणि तिच्याकडं निघालो तो बोनेटच्या समोरनं न जाता गाडीच्या मागनं वळसा घालून. आपण असं का चाललोय, हे मला डिकीपाशी कळलं. वर पाहिलं तर आरशात भाचा माझ्याकडंच बघत होता.