बऱ्हाणपूरच्या डायनिंग कारमधला चहा

नाशकातून बऱ्हाणपूरला निघालो म्हटलं की लोक विचारायचे, "किल्ला बघायला का?" मी सांगायचे, "नाही, चहा प्यायला." निम्म्यांना वाटलं थट्टा करतेय.

झालं असं, की एका ग्रुपवर फोटो आला. बऱ्हाणपूरजवळ कुणीतरी रेल्वेची भंगारातली जुनी डायनिंग कार विकत घेऊन दुरुस्त करत होतं. माझे बाबा तरुणपणी अशाच डब्यात वेटर होते. अकरा वर्षं. फोटो त्यांनी इतका जवळ धरला की नाक लागलं. हल्ली त्यांचे हात थरथरतात, म्हणून घरी मी त्यांना झाकणाच्या प्लास्टिक कपातून चहा देते, लहान मुलांना देतात तसा. ते तो निम्मा पिऊन बाजूला सारतात. फोटो बघून म्हणाले, "जाऊ या."

सकाळची गाडी पकडा, दुपारी जेवायला बऱ्हाणपूर. भुसावळ सोडलं की खिडकीत फक्त केळी. स्टेशन गावापासून लांब आहे. शेअर रिक्षा मिळतात, पण म्हातारं माणूस बरोबर असेल तर अख्खी रिक्षा करा आणि घासाघीस करायला लाजू नका. संध्याकाळी मावा जलेबी खा. काळपट, वजनदार प्रकरण आहे. एकीवर थांबा, मी थांबले नाही आणि रात्री जेवण रद्द झालं.

दुसऱ्या दिवशी नेपानगरच्या रस्त्याला, एका बंद पडलेल्या साइडिंगवर, म्हणजे मुख्य लाइनीच्या बाजूच्या रुळावर, डबा दिसला आणि मी रिक्षातच "अरे वा!" म्हणाले. बाहेरून चॉकलेटी, आत सागवानी फळ्या, पितळी हूक, खिडकीपाशी टेबलं. हे सगळं सुदामभाऊंचं काम. कागद कारखान्यातून निवृत्त झालेले सुतार, मूळचे जळगावकडचे. दोन वर्षं रोज इथे येतात. टेबलांवर तर चेहरा दिसत होता.

बाबांनी टेबलावरून तळवा फिरवला. "कडेच्या उंच पट्ट्या कुठे गेल्या? कप अडवायच्या?"

"काढून टाकल्या ना काका. त्यात कचरा अडकू राहिला होता. आमची घरवाली म्हणे, पुसायला लई त्रास. मंग रंधा मारून एकदम प्लेन केलं, वर तीन हात पॉलिश."

"यावर चहा टिकणार नाही," बाबा म्हणाले. सुदामभाऊ नुसते हसले.

त्याच दिवशी चाचणी होती, हे आमचं नशीब. डब्याचे मालक निंबोल्याचे केळीवाले शेठ. त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "देखो भाऊ, चालत्या गाडीत चहा नीट पिता आला तर डबा पटरीवर धावेल. नाही तर हायवेला उभा करून हॉटेल टाकतो. बात खतम." सुदामभाऊंच्या कपाळावर भर थंडीत घाम.

सहा कप मांडले. छोट्या डिझेल इंजिनाने हिसका दिला आणि सहाही कप घसरगुंडीवरच्या पोरांसारखे सरळ खाली. शेठ पँट झटकत म्हणाले, "हॉटेलच ठीक आहे." सुदामभाऊ खाली बसून कप गोळा करू लागले. मला फार वाईट वाटलं. पॉलिश खरंच सुंदर होतं.

"बादली आहे का?" बाबांनी विचारलं. त्यांनी पांढरी चादर मागवली, पाण्यात बुडवली, घट्ट पिळली आणि टेबलावर अंथरून सुरकुती न सुरकुती काढली. "ओल्या कापडावर कप सरकत नाही. आम्ही रोज असंच करायचो. पट्ट्या नंतर ठोका. आता परत गाडी चालवा, चहा मी आणतो."

"बाबा, तुम्ही नका!" मी ओरडलेच.

त्यांनी ऐकलं नाही. पाय फाकवून, गुडघे सैल सोडून, ट्रेवर सहा भरलेले कप घेऊन ते हलत्या डब्यातून आले. हात थरथरत होते, मी बघत होते. पण हिसका बसला की त्यांची कंबर आधीच दुसरीकडे झुकलेली असायची. कप ठेवले. एकही बशी ओली नाही.

शेठनी चहा पूर्ण संपवला. "चला, महिन्याला एक फेरी करून बघू. पण काका, पोरांना शिकवायला तुम्हीच याल."

सुदामभाऊ तोवर कोपऱ्यातून जुन्या पट्ट्या काढत होते. फेकल्या नव्हत्या त्यांनी.

तुम्ही गेलात तर हिवाळ्यात जा, आणि टेबलाच्या कडेला हात लावून बघा.

नाशकात परतल्यावर सकाळी मी सवयीने झाकणाचा कप काढला, आणि माझीच मला लाज वाटली. तो माळ्यावर टाकला. चिनीमातीचा कप काठोकाठ भरून बाबांपुढे ठेवला. त्यांनी उचलला, थोडा सांडला.

"घर हलत नाही ना," ते म्हणाले, "त्यामुळे अंदाज चुकतो."

मी फडकं ओलं करून पिळलं आणि त्यांच्या कपाखाली अंथरलं.