इंजिनाजोगं विमान

माझ्या सासूबाईंसारखी बाई उभ्या मुलुंडात दुसरी झाली नाही, आणि होईल असं मला वाटतही नाही. टेलिफोनच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यावर त्यांच्या मैत्रिणी भजनाला लागल्या. आमच्या आई विमानं बांधायला लागल्या. रिमोटवर चालणारी, पण खरंखुरं इंजिन असलेली आणि खरोखर आकाशात जाणारी. त्यांच्या गॅलरीत दोरीवर साड्यांच्या शेजारी एखादा पंख वाळत असतो. काळ्या वाटाण्याच्या उसळीचा आणि इंजिनाच्या इंधनातल्या एरंडेलाचा वास एकत्र आला की मी सासुरवाडीला पोचलो म्हणून खुशाल समजावं.

मागच्या वर्षी त्यांचं लाडकं विमान झाडावर आदळलं. लाकडाचा पार भुगा झाला, मुठीत मावणारं इंजिन मात्र शाबूत राहिलं. दुसऱ्या कुणी ते कपाटात टाकलं असतं. आईंनी ते जुन्या टूथब्रशने घासलं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं आणि जाहीर केलं, “आता ह्याच्याजोगं विमान बघायला हवं.” लोक विमान आणतात आणि मग त्याला इंजिन शोधतात, आमच्याकडे उलटी वरात निघाली. इंजिन जड झालं तर विमानाचं नाक खाली जातं, विमान थोराड झालं तर इंजिनाला ते ओढवत नाही, हे त्यांनी मला आमटीचा डाव बोटावर आडवा तोलून दाखवलं. इंजिनियरिंगला चार वर्षं काढून मला जे कळलं नव्हतं ते आमटी निवायच्या आत कळलं.

इंजिनात अजून किती दम आहे हे बघायला त्यांनी ते पोळपाटावर बोल्टने आवळलं आणि सोसायटीच्या गच्चीवर सुरू केलं. तो कर्कश आवाज ऐकून सेक्रेटरी धावत वर आले. “काकू, काय लावलंय हे? खाली टीव्ही ऐकू येत नाही!” आई म्हणाल्या, “ओरडताय कशाला? जरा हे धरा, हलतंय.” भांडायला आलेला तो गृहस्थ पुढचा अर्धा तास पोळपाट घट्ट धरून उकिडवा बसला होता, आणि जाताना “पुन्हा कधी लावणार?” असं विचारून गेला.

घाटकोपरच्या दुकानदाराने त्यांच्यापुढे एक निमुळतं लढाऊ विमान ठेवलं. “मावशी, ह्याला लावा. झकास पळेल!”

“पळेल रे, पण परत येईल का?”

मलाही ते लढाऊच आवडलं होतं. आईंनी ऐकलं नाही. महिनोन् महिने कागदावर आराखडे काढून-खोडून शेवटी त्यांनी लांबरुंद पंखांचं, संथ, अगदी गरीब स्वभावाचं विमान निवडलं. बांधताना इंजिनाशी मालवणीत बोलत, “थांब मेल्या, तुका बरा घर बघलंय.” मी थोडा हिरमुसलो. एवढी शोधाशोध करून ही बैलगाडी?

मुलुंडवरचं आकाश मोठ्या विमानांचं, म्हणून आम्ही दोघं कल्याणच्या पुढे माळावर गेलो. विमान सुरेख चढलं आणि बघता बघता बोटाएवढं झालं.

“आई, फार लांब गेलं. बघा!”

“बघून काय करू? मला ते दिसतच नाहीये.”

मी रिमोट घ्यायला हात पुढे केला.

“काचबिंदू आहे. मागचं विमान त्यानेच गेलं. आता गप्प राहा, ऐकू द्या.”

मान किंचित कलती करून त्या ऐकत राहिल्या. आवाज चढला तशी त्यांची बोटं हलली, आवाज मऊ झाला तशी थांबली. ते विमान वळलं, आमच्या दिशेने आलं आणि मी “आलं, जमीन आली” म्हणेपर्यंत गवतावर टेकलं.

“ह्या इंजिनाचा आवाज मला पाठ आहे,” त्या म्हणाल्या. “नवीन घेतलं असतं तर मी बहिरीच झाले असते.”

“आणि एवढं संथ विमान?”

“ते तुमच्यासाठी. शिकताना घाई झालेली चालत नाही.” आणि त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला.

आता मी उडवतो. त्या घडीच्या खुर्चीवर डोळे मिटून बसतात आणि मला दिसायच्या आधी सांगतात, “नाक खाली जातंय हो.” परवा विमान उतरवून मी इंजिन बंद केलं. माळावर एकदम शांत झालं. आई मात्र आकाशाकडे तोंड करून, तो आवाज अजून ऐकू येत असल्यासारख्या, तशाच बसून राहिल्या. मीही मग घरी निघायची घाई केली नाही.