तीन नंबरचं पाणी

भुताखेतांच्या गोष्टी मी वाचते, पण त्यातली एकही मला कधी खरी वाटली नाही. आमचं घर बौद्ध. करणी, उतारा, अंगात येणं... आप्पांनी असलं काही उंबऱ्याच्या आत येऊच दिलं नाही. मी स्वतः केजला एका शाळेत वीस वर्षं विज्ञान शिकवते. तेव्हा हे लिहितेय ते कुणाला घाबरवायला नाही. खरं सांगायचं तर त्या आवाजापेक्षा मी आधी जे केलं, तेच सांगायला जास्त जड जातंय. पण एकाशिवाय दुसरं सांगताच येत नाही.

आमचे आप्पा पालीच्या बिंदुसरा धरणावर गेटावर होते. कालव्याचं गेट बंद केलं की ते खाली नीट बसलंय का, हे वरून दिसत नाही. मग आप्पा गेटाच्या लोखंडी सळईला कान लावायचे. गेट बसलं नसेल तर खालून बारीक फुसफुस सळईतून वर येते. मी सात-आठ वर्षांची असल्यापासून त्यांनी मला ते शिकवलं. पुढे माझ्या मागे मागे धाकटी पण यायला लागली – संघमित्रा, आमची मितू. माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "थोरलीचा कान लई पक्का हाय. मला आयकू येत न्हाई ते तिला येतं."

बी.एस्सी.ला मला चांगले मार्क होते. पुढे शिकायला जागाही मिळाली होती. त्याच वर्षी आप्पांना अर्धांगवायू झाला, आणि मामांनी माझं लग्न जमवून टाकलं. मितूची वेळ आली तोवर घर सावरलं होतं. तिचा एम.एस्सी.चा फॉर्म मी माझ्या हातानं भरला. तेव्हा वाईट वाटलं नाही... निदान तसं मी स्वतःला सांगितलं.

मितू गेली ती थेट समुद्रावर. कोकणच्या किनाऱ्याजवळ देवमासे नेमके कुठं जमतात, याचा अभ्यास ती करते. दातवाले नव्हे – ज्यांच्या तोंडात दातांऐवजी झालर असते आणि तिच्यातून बारीक मासळी गाळून खातात, ते. आपल्या उबदार समुद्रातही ते असतात. पाण्यावर क्वचित दिसतात, म्हणून पाण्याखाली माइक सोडून त्यांचा आवाज पकडायचा. तिनं तीन जागी माइक सोडले होते. तिसऱ्या जागेवर तिचा जीव. खडकांच्या आत, उथळात. तिथले मासेमार तिला म्हणाले होते, इथं पिल्लांसकट येतात. पण तिथूनच मोठ्या बोटींचा रस्ता आखायचं घाटत होतं. देवमासे तिथं जमतात हे सिद्ध झालं तर रस्ता बाजूला सरकणार होता, नाहीतर नाही.

कॉम्प्युटरला बोटीचं इंजिन आणि देवमाशाचा आवाज यात कधी कधी गोंधळ होतो. असे शंकेचे तुकडे माणसानं ऐकायचे. मितूनं नियम केला होता : प्रत्येक तुकडा दोघांनी ऐकायचा, आणि एकानं जरी 'नाही' लिहिलं तरी तो बाद. तिला हवेत म्हणूनच तिला देवमासे ऐकू येतात, असं कुणी म्हणू नये म्हणून. एक ऐकणारे गोव्यातले सर होते. दुसरी मी.

"अक्का, तुझ्यासारखा कान मला कुठं मिळणार?" फोनवर ती म्हणाली. मला इतका आनंद झाला होता की शाळेतून येताना नवी दोनशे पानी वही घेतली. रकाने आखले : तुकडा क्रमांक, वेळ, आहे/नाही. जागेचा रकाना नव्हता. कुठला तुकडा कुठल्या माइकचा हे ऐकणाऱ्याला सांगायचंच नाही, हाही तिचाच नियम.

पण माझ्या कानाला ते कळत होतं. तीन नंबरच्या पाण्यात मागे सारखी तडतड असायची, फुटाणे भाजल्यासारखी. मितूनं एकदा बोलता बोलता सांगितलं होतं, खडकातली एक बारीक कोळंबी नांगी आपटते, तिचा तो आवाज. त्या तडतडीत मी पहिल्यांदा देवमासा ऐकला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तीन खोल हुंकार, मग एक आवाज वर चढत जाऊन मोडायचा... लहान लेकरू रडता रडता दमतं तसा. मी लिहिलं – आहे.

मग मितू आमच्या शाळेत भाषणाला आली. मीच बोलावलं होतं. तिचा बोटीवरचा नारिंगी जाकिटातला फोटो पडद्यावर... मुलं नुसती थक्क. हेडमास्तर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, तुमच्या बहिणीनं नाव काढलं. तुमच्यात कुणी एवढं शिकलेलं हाय हे तुमी कधी बोलल्या न्हाईत." मी हसले. आईनं घरी तो फोटो फ्रेम करून लावला होता, आणि त्या फ्रेममागे माझं आदर्श शिक्षिकेचं सर्टिफिकेट दडलं होतं, तेव्हाही मी अशीच हसले होते.

आणि मग मितू मुलांना म्हणाली, "माझे वडील धरणावर होते. गेटाच्या सळईला कान लावून पाणी ऐकायला त्यांनी मला शिकवलं."

मला. आम्हाला नाही. थोरलीचं नावच नाही. मी पहिल्या रांगेत बसले होते, टाळ्याही वाजवल्या.

ती संध्याकाळच्या गाडीनं गेली. मी घरी येऊन वही उघडली, हेडफोन लावले. तडतड... तीन हुंकार... चढत जाऊन मोडणारा आवाज. अगदी स्वच्छ. मी लिहिलं – नाही.

वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. नंतरच्या दोन महिन्यांत मी असं एकोणचाळीस वेळा लिहिलं. एक आणि दोन नंबरचं सगळं प्रामाणिक. फक्त तीन नंबर.

मे महिन्यात मितू पालीला आईकडे आली. उन्हानं रापलेली, गालफडं बसलेली. मीही सुट्टीत तिथंच होते. म्हणाली, "तीन नंबर रिकामा निघाला, अक्का. माइक काढला तिथला. महिनाअखेर रिपोर्ट द्यायचा. पण बोटीवर मी माझ्या कानानं ऐकलं होतं गं... का मला भासच होतात?"

"तू लई मनावर घेतेस," मी म्हणाले. बघा, किती सहज म्हणाले.

आई चुलीपासून ओरडली, "कावून तोंड पाडून बसल्यात गं दोघी? जा, धरणाकडं चक्कर मारून या. आप्पा असते तर घेऊन गेले असते."

दुपारचे साडेतीन-चार झाले असतील. पाणी पार तळाला गेलं होतं, काठाला चिखलाच्या भेगा. सकाळपासून लाइट नव्हती, त्यामुळे शेतातल्या मोटारी बंद. इतकं शांत की हायवेवरच्या ट्रकचा आवाज तेवढा लांबून यायचा. गेटावरचा माणूस ओळखीचा, त्यानं वर जाऊ दिलं. मितूनं पिशवीतून रेकॉर्डर काढला, नवीन कार्ड माझ्यासमोर पाकिटातून फोडून घातलं. म्हणाली, "आप्पांची सळई रेकॉर्ड करून ठेवते. आठवण म्हणून." माइक सळईला चिकटपट्टीनं लावला. "तू आधी ऐक. तुझा मान."

हे 'तुझा मान' मला लागलं. मी पदर गुंडाळून तापलेल्या सळईवर ठेवला आणि कान टेकवला.

आधी काहीच नाही. मग तडतड सुरू झाली. फुटाण्यांची.

मग तीन हुंकार. इतके खोल की ते कानात न येता जबड्यात आले. मग तो आवाज वर चढला, चढला... आणि मोडला.

इथून कुठलाही समुद्र गाठायचा तर अख्खा दिवस प्रवास करावा लागतो. खाली पुरुषभर गढूळ पाणी. मी सळई सोडली नाही. आवाज पुन्हा आला.

"अक्का, येतंय का काही ऐकू?"

आणि मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "न्हाई. काही न्हाई."

मग तिनं कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. "नुसतं पाणी," म्हणाली. खरं सांगते – त्या घाबरलेल्या अवस्थेतही मला आत कुठंतरी गार वाटलं, की ते मला ऐकू आलं आणि तिला आलं नाही.

घरी आलो. आईनं चहा ठेवला. मितूनं रेकॉर्डर लॅपटॉपला जोडून हेडफोन घातले. चहावर साय धरली तरी तिनं कप उचलला नाही. शेवटी तिनं स्क्रीन माझ्याकडे फिरवली. आवाजाचं चित्र दिसतं त्यात. "मोटारीची रेघ सरळ असते, अक्का. ही बघ, वर वळलीय. आणि ही तडतड... ही कोळंबी खाऱ्या पाण्यातली. गोड्या पाण्यात जगतच न्हाई." मग तिनं हेडफोन माझ्या डोक्यावर चढवले.

हुंकार, चढणारा आवाज. त्याच्या पाठोपाठ मितूचा प्रश्न. आणि लगेच माझा आवाज, अगदी शांत – न्हाई. काही न्हाई. माझ्या त्या बोलण्याखाली तो आवाज पुन्हा चालूच होता.

रिपोर्टसाठी माझी रकान्यांची वही मितूनं मला केजहून आणायला सांगितली होतीच, ती तिनं समोर सरकवली. पेन दिला. "तू ऐकलं होतंस. लिही. हाय का न्हाई?"

मी लिहिलं, आहे. आणि मग सगळं सांगून टाकलं. आई दारात उभी होती, तिच्यादेखत.

मितू रडली नाही. "किती?"

"एकोणचाळीस."

"सगळे तीन नंबरचे?"

"हो."

"कावून, अक्का?"

मी म्हणाले, "तू शाळेत 'मला शिकवलं' म्हणालीस." मोठ्यानं म्हटल्यावर किती फडतूस वाटलं ते... एवढ्याशासाठी!

तिनं लॅपटॉप मिटला. "मी लहान होते गं," ती म्हणाली. "तू सळईला कान लावायचीस, आणि आप्पा मला कडेवर घेऊन सांगायचे, ती कशी ऐकती बघ. मला तुझ्याकडं बघून आलं ते." मग उठून बॅग भरली. आई म्हणाली, "पोरी, दोन घास तरी..." ती थांबली नाही. जाताना माझी वही घेऊन गेली.

माझे सगळे तुकडे दुसऱ्यांकडून पुन्हा ऐकून घेतले गेले, रिपोर्ट दुरुस्त झाला, तीन नंबरचा माइक परत पाण्यात गेला. बोटींच्या रस्त्याचं अजून ठरलेलं नाही. ऐकणाऱ्यांच्या यादीत मी नाही, हे तर बरोबरच आहे. तिथं आता गोव्याची एक मुलगी ऐकते, आणि तिचाही मला हेवा वाटतो. आता लपवून काय करू?

धरणावरचा तुकडा मितूनं आमचं बोलणं कापून, नुसता नंबर घालून गोव्याच्या सरांना पाठवला. त्यांनी लिहिलं, 'आहे' आणि विचारलं, कुठल्या माइकचा? तिनं उत्तर दिलं नाही. कार्ड कोरं होतं, मी स्वतः बघितलं. सळईचं कुरकुरणं म्हणावं, तर कोळंबीचं काय? माझ्या मनाचे खेळ म्हणावेत, तर रेकॉर्डरला मन कुठलं?

या गोष्टीला तीन वर्षं झाली. केजहून बीडला जाताना मी कधी कधी पालीला उतरते, सळईला कान लावते. पाणी... नुसतं पाणी. मितू आता महिन्या-दोन महिन्यांनी फोन करते. आईचं विचारते, शाळेचं विचारते, आणि ठेवता ठेवता म्हणते, "गेलतीस का धरणावर? काही आयकू आलं?"

मी म्हणते, "न्हाई."

खरंच नाही म्हणून म्हणते. मग तिकडे ती थोडा वेळ काही बोलत नाही, आणि त्या गप्प राहण्यात काय आहे ते मला स्वच्छ ऐकू येतं. कान अजून पक्का आहे माझा.