चिंध्यांचा ऑनलाइन क्लास

ज्या घरात शिवण चालतं त्या घरात कातरण साठतं. टाकवत नाही. "कधीतरी कामाला येईल" म्हणत आपण पिशव्या भरत राहतो. किश्श्यांचंही तसंच. आर्ट क्विल्टिंगच्या ऑनलाइन क्लासमध्ये माझी क्विल्ट एकच झाली, तीही तिरकी. किस्से मात्र पिशवी फाटेपर्यंत जमले!

आर्ट क्विल्ट म्हणजे गोधडीच, पण पांघरायची नाही, भिंतीवर लावायची. कापडाचे तुकडे जोडून चित्र करायचं आणि वरून टाके घालायचे. हे मी आमच्या ह्यांना समजावून सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे आता भिंतीला थंडी वाजायला लागली!"

*

शिकवणाऱ्या नेत्रा मॅडम बोरिवलीच्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "मला चेहरे नकोत, हात दिसू देत. फोन डोक्यावर टांगा."

आता मुलुंडच्या वन बीएचकेत डोक्यावर टांगायला काय असतं? कपडे वाळत घालायची काठी! दोरी सोडली की खाली येते, ओढली की वर जाते. मी फोन तिलाच बांधला. व्ह्यू एकदम झकास.

मॅडम रंगसंगती समजावत होत्या आणि स्क्रीनवर माझे हात मोठे मोठे व्हायला लागले. "वा सुनंदाताई, छान झूम केलंत!" मॅडम खूश. मी वर बघते तर आमचे हे शांतपणे दोरी सोडतायत आणि खांद्यावर ओलं बनियन! मी "अहो, अहो" करेपर्यंत त्यांनी ते वाळत घातलंसुद्धा. फोनच्या बरोबर समोर.

मॅडमचा आवाज आला, "टेक्श्चर मस्त आहे हं, पण जरा प्लेन वाटतंय."

*

मला या क्लासात ओढलं घाटकोपरच्या कल्पना सावंतने. आम्ही पूर्वी एका ऑफिसात होतो. तिने क्विल्टसाठी पापलेट निवडलं होतं. एक डिंक लावलेला कागद मिळतो, तो कापडाच्या आकाराला मागून लावायचा, आकार जागेवर ठेवायचा आणि इस्त्री फिरवायची. की चिकटला! खाली जाड काहीतरी घ्या, असं मॅडमनी सांगितलं होतं. कल्पनाने पलंगावरून हाताला लागलं ते ओढलं.

इस्त्री फिरवून झाल्यावर तिने खालचं कापड न बघताच उचलून बाजूला ठेवलं आणि ओरडली, "अगं, माझं पापलेट कुठे गेलं?" आम्ही सगळ्या आपापल्या स्क्रीनवरून शोधतोय. टेबलाखाली बघ, गाऊनला चिकटलंय का बघ! शेवटी तिने दुसरं कापलं.

सावंतभाऊजी दिंडोशीच्या कोर्टात नोकरीला. दुसऱ्या दिवशी घडीची पँट घालून ऐटीत निघाले. मेट्रोत कोणी काही बोललं नाही. कोर्टाच्या जिन्यात मात्र मागून येणाऱ्या वकिलाने विचारलं, "सावंतसाहेब, हा मुद्देमाल कुठल्या केसमधला?"

*

मग विषय मिळाला, "माझ्या खिडकीतून". कल्पनाने सगळं कापड करडं घेतलं आणि एका कोपऱ्यात पांढरा चौकोन लावला. बस्स. ते बघून मॅडम एकदम भारावून गेल्या. "केवढा हा एकटेपणा! शहराची सगळी घुसमट आलीय यात!"

कल्पना म्हणाली, "अहो मॅडम, ती समोरची बी विंग आहे. आणि तो कुलकर्ण्यांचा एसी. गळतो!"

*

आमच्यात सगळ्यात मनापासून करायची ती शैला परब. वाकोल्याला त्यांची चाळीतली खोली होती. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, खोली पाडली आणि परब कुटुंब दिंडोशीला चौदाव्या मजल्यावर भाड्याने आलं. तेव्हापासून तिच्या सासूने, म्हणजे आयेने, बोलणं जवळजवळ टाकलंच होतं. घराबाहेर पाऊल नाही. नव्या घरात पाहुण्यासारखी बसून राहायची. शैलाला जुन्या खोलीचं दार कापडात करायचं होतं. "आये ते बघून नुसती हसली ना, तरी मला बास गं," असं ती पहिल्या दिवशीच म्हणाली होती. त्यावर आये एवढंच बोलली होती, "चिंध्यांनी घर होता काय गो?"

पहिला घोळ रंगाचा. फोटो पुष्कळ, पण प्रत्येकात दारासमोर नातेवाईक उभे! नवरा म्हणे दार हिरवं, दीर म्हणे निळं. दोन दिवस भावाभावांत अबोला. शेवटी आम्ही क्लासमध्ये मतदान घेतलं. वाकोल्याला जन्मात न गेलेल्या बायकांनी बहुमताने निळं ठरवलं.

मग एक दिवस मॅडम म्हणाल्या, "शैला, दार अगदी सरळ नको. थोडं तिरकं कर, आर्टिस्टिक वाटेल." शैलाने तुकडा फिरवला. मागून खणखणीत आवाज आला,

"दार वाकडा कित्याक? माझो घोव सुतार होतो!"

सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. सुताराच्या बायकोपुढे मॅडम हळूच म्हणाल्या, "सरळच ठेवूया." आयेचं त्यानंतर पुन्हा तोंड बंद. शैला मात्र त्या दिवशी टाके घालताना रडत होती, हे आम्हाला हातांवरून कळलं.

*

शेवटी मॅडमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरलं. आयेला आणायला शैलाने सकाळपासून विनवण्या केल्या होत्या. लिफ्ट नको, रिक्षा नको, माणसं नकोत. तरी आली बाई, नऊवारी नेसून, कपाळाला आठ्या घालून.

माझी तिरकी क्विल्ट, कल्पनाचा गळका एसी, कशाकडे तिने ढुंकून पाहिलं नाही. थेट निळ्या दारापुढे जाऊन उभी राहिली. नुसती उभी. चेहऱ्यावर काही नाही.

शैलाने माझं मनगट धरलं. "वाट लागली गं. हसत पण नाही."

तेवढ्यात आये वाकली. पायातल्या चपला काढल्या आणि भिंतीच्या कडेला नीट जोडीने ठेवल्या. पदर सारखा केला. नेत्रा मॅडम उंच टाचांच्या सँडलवर टकटक करत जवळ आल्या आणि म्हणाल्या, "नमस्कार आजी. कसं वाटलं?"

आयेने त्यांच्या पायांकडे पाहिलं.

"बाय, आधी चपला भायर काढ. मगे भितर ये."