पालीत नसलेली पालीवाली

"इथं कुणाचीच गाय बसलेली नाही," डॉक्टर फोनवर ओरडत होते. "अर्धं गाव पालथं घातलं. तुमच्या त्या मशीनला सांगा, मला उन्हात हिंडवू नको म्हणावं."

डॉक्टर म्हणजे दूध संघाचे जनावरांचे डॉक्टर. ते पालीत होते, बिंदुसरा धरणाजवळच्या. मी बीडमध्ये, संघाच्या ऑफिसात. धरणात चिखलसुद्धा उरला नव्हता. चारा, पाणी, डॉक्टर, सगळ्यासाठी लोकांचे फोन यायचे, आणि ते घ्यायला माणसं पुरायची नाहीत. म्हणून चेअरमननी मशीन आणलं होतं आणि मशीनबरोबर मला.

माझं काम शब्दांचं. पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी भाषातज्ज्ञ होतो. नातेवाइकांना वाटतं मी शुद्धलेखन तपासतो. प्रत्यक्षात मी मशीनला शब्द फोडायला शिकवतो. प्रत्यय म्हणजे शब्दाच्या शेवटी चिकटणारा तुकडा. पालीत, पालीहून, पालीचा, पालीकर. शेवटचा तुकडा काढला की खाली पाली उरते. त्याला आम्ही रूट म्हणतो. फोनवरचा माणूस काय बोलला ते मशीन लिहून घ्यायचं, शब्द फोडायचं, गाव शोधायचं आणि डॉक्टरच्या मोबाईलवर मेसेज टाकायचं. सभासद क्रमांकही विचारायचं. तो कुणी सांगायचं नाही.

मी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. म्हातारा, बसलेला आवाज.

"मी पालीवाली बोलते. गाय काल व्यालीय. सकाळधरनं बसलीय, उठंना. मान टाकलीय तिनं. हीच एक राहिलीय बाबा, बाकीची इकली. डॉक्टरला लवकर धाडा."

नंबर लावला तर कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. नंतर कळलं, मोबाईल शेजारणीचा होता आणि शेजारीण तो घेऊन चारा छावणीवर गेली होती.

"डॉक्टर, नुसती बसलीय ना गाय? संध्याकाळपर्यंत चालेल का?" मी विचारलं.

"ताजी व्यालेली गाय बसली म्हणजे अंगातलं कॅल्शियम दुधात उतरलं. बाटली शिरेतून वेळेवर दिली तर उठून चारा खाते. उशीर झाला तर उठतच नाही. आता मान टाकलीय म्हणताय. काय चालेल, तुम्हीच सांगा."

मी पुण्याला बॉसला फोन लावला.

"सफिक्स बरोबर काढलाय?" बॉसनं विचारलं.

"काढलाय. वाली."

"रूट?"

"पाली."

"मग प्रॉब्लेम काय आहे?"

"बाई सापडत नाहीत."

"हिंदीत तर हे मस्त चालतं," बॉस म्हणाला आणि मीटिंगला गेला.

हिंदीत चालतं, हे खरं होतं. दिल्लीवाला म्हटला की तो दिल्लीचा, आणि बहुतेक वेळा दिल्लीतच सापडतो. इंग्रजीतला लंडनर लंडनमध्ये. पुण्यात माझ्या शेजारच्या टेबलावर कलबुर्गीचा एक सहकारी बसायचा, त्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, कन्नडात ऊरिनवरु म्हणजे गावचे लोक, तेलुगूत ऊरिवाळ्ळु, तेही तेच. गुजराती लोखंडवाला मात्र लोखंडात राहत नाही, त्याच्या आजोबांनी ते विकलेलं असतं. आणि आमच्या मराठीतला कर? माझं स्वतःचं आडनाव एका गावाला कर लावून झालेलं आहे. त्या गावात मी आयुष्यात एकदा गेलोय, तेही रस्ता चुकून. सगळ्या भाषांत हा तुकडा माणसाला कशाला तरी बांधतो. पण कोणत्या दोरीनं, ते तुकडा बघून कळत नाही. डोकं पार चक्रावून गेलं. तिकडे गाय बसलेली, आणि मी इकडे तेलुगू शिकत होतो.

तेवढ्यात डॉक्टरांचा पुन्हा फोन. ते पारावर होते, भोवती लोक जमले होते. त्यांनी स्पीकर चालू केला.

"कुनाला हुडकताव, डॉक्टर?" एक म्हातारा विचारत होता.

"पालीवालीला. तिची गाय बसलीय."

सगळा पार हसायला लागला.

"अवो, पालीत पालीवाली कशी असंल? आमच्या पोरी परगावी दिल्यात, तिथं त्या पालीवाल्या. इथं ही बगा, ही नेकनूरवाली. आन पलीकडच्या घरातली मांजरसुंब्याची."

मला ते समजायला जरा वेळ लागला. सासरी आलेल्या बाईला तिच्या नावानं हाक मारत नाहीत. ती ज्या गावाहून आली त्या गावाच्या नावानं मारतात. मरेपर्यंत. म्हणजे पालीवाली नक्की कुठे नाही, एवढंच आम्हाला कळलं होतं, आणि नेमक्या तिथेच आम्ही डॉक्टर पाठवला होता. आतापर्यंत शोधायला एक गाव होतं. आता ते एक सोडून सगळा जिल्हा होता.

"तुमच्या पोरी कुठं कुठं दिल्यात?" डॉक्टरांनी विचारलं.

हा प्रश्न पारावर विचारायचा नसतो.

"गेवराईला हाय की एक."

"ती न्हाई, ती वडवणीला."

"गप रे, वडवणीला माझी भाची हाय. तिच्याकडं गाय कुठंय, शेळ्या हायेत."

"धारूरची विसरलाव का?"

भांडण रंगात आलं. मी इकडून ओरडलो, "डॉक्टर, फोन वर धरा! आवाज ऐकवतो!" आणि रेकॉर्डिंग फोनला लावलं. एकदा वाजलं. कुणाला आवाज ओळखू येईना. दुसऱ्यांदा "हीच एक राहिलीय बाबा" इथपर्यंत आलं आणि मागून एक माणूस पुढे आला असावा.

"अवो, ही आमची आक्का हाय! चकलांब्याची! आवाज बसलाय तिचा. रडली असंल ती."

चकलांबा गेवराई तालुक्यात, बीडच्या पार दुसऱ्या अंगाला. पालीतून डॉक्टर पोचेपर्यंत काही खरं नव्हतं. गेवराईच्या सेंटरला दुसरे डॉक्टर होते. मी मशीनला हात न लावता त्यांना फोन केला आणि सांगितलं, चकलांब्यात जा आणि पालीवालीचं घर विचारा. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. ते तिकडचेच होते.

पुढचा वेळ मी नुसता बसून काढला. चेअरमन आत येऊन म्हणाले, "काय, बिघडलं का तुमचं मशीन?" मी म्हटलं, नाही, अगदी बरोबर चाललंय.

फोन आला. "दोन बाटल्या दिल्यात. अजून उठली नाही."

ती गाय मी पाहिलीसुद्धा नव्हती. तरी मी रेकॉर्डिंग पुन्हा एकदा लावलं. तो म्हातारा आवाज दिवसभर कानात होता.

मग पुन्हा फोन. "उठली. वासराला चाटतीय."

मला इतकं बरं वाटलं की मी ताबडतोब पालीतल्या डॉक्टरांना कळवलं. ते अजून चिडलेलेच होते, पण पालीत कुणीतरी त्यांना जेवू घातलं होतं.

दोन-तीन दिवसांनी मी चकलांब्याला गेलो. बाई गोठ्याच्या सावलीत बसल्या होत्या. पांढरे केस, कपाळावर मोठं कुंकू.

"आक्का, फोनवर गावाचं नाव का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. पालीवाली म्हनलं."

"पण राहता तर चकलांब्यात."

"मंग? चकलांब्यात र्‍हाते म्हनूनच पालीवाली हाय." माझी कीव आल्यासारखं त्या बघत होत्या. "तुमी शिकलेले हाव ना?"

"आणि तुमचं स्वतःचं नाव?"

वासराच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या.

"गयाबाई. पालीत भाऊ म्हनतो आक्का. गया म्हननारी आई व्हती, ती गेली. आता कुनी म्हनत न्हाई."

मी पुण्याला नियम कळवला: बाई बोलत असेल आणि गावाच्या नावाला वाली लागलं असेल, तर ते गाव सोडून बाकी सगळीकडे शोधा. बॉस म्हणाला, हे लॉजिकल नाही. मी म्हटलं, नाही. मग त्यानं सोपा उपाय काढला. मशीननं सरळच विचारायचं, डॉक्टर कोणत्या गावाला पाठवू?

पहिलंच उत्तर आलं: "आमच्याच गावाला की. दुसऱ्याच्या कशाला?"

चेअरमननी मशीन ठेवलं, पण फोनवर एक माणूस बसवला, बऱ्याच गावांत पाव्हणे असलेला. आमच्या कंपनीनं पुढे हेच मशीन कर्नाटकातल्या दूध संघांना द्यायचं ठरवलं आणि कन्नड प्रत्ययांची यादी मागितली. मी म्हटलं, यादी आठवड्यात देतो. आधी जाऊन तिथल्या सुनांना काय हाक मारतात ते ऐकून येतो.