हिंगणघाटची धुवारी आणि एक जास्तीची कडी

धावणाऱ्या मंडळींना वाटतं, क्रोशाकाम म्हणजे बसून करायचा आळस. विणणाऱ्या बायकांना वाटतं, पन्नाशीला टेकलेल्या बाईनं पहाटे रस्त्यावर धावणं म्हणजे चळ. मी दोन्ही करते, त्यामुळे दोन्हीकडून बोलणी खाते. यंदा समोर हाफ मॅरेथॉन होती, पाठोपाठ भाचीच्या लग्नासाठी कबूल केलेली क्रोशाची चादर होती, आणि मधे माझं उजवं मनगट होतं, ज्याला यातलं काहीच मान्य नव्हतं. त्याच्यासाठी योगासनं. घरात राहून एकही धड होईना. धावून आले की सुई हातात धरून डुलक्या, आणि चादर घेऊन बसले की दुसऱ्या दिवशी गजर बंद करून झोप. "एक ना धड भाराभर चिंध्या," नवरा म्हणाला. चिंध्या खरोखरच घरभर असल्यामुळे मला ते जास्त लागलं.

हे रडगाणं होस्टेलातल्या मैत्रिणीला, ज्योत्स्नाला, फोनवर ऐकवलं. ती म्हणाली, "मंग इकडे ये ना व आठ दिवस. धावायले रस्ता हाय, सूत इथंच भेटते, अन स्वैपाक मी करते." शेवटचं वाक्य ऐकून मी तिकीट काढलं.

नाशिकरोडहून रात्रीची गाडी घेतली की सकाळी वर्ध्याला उतरता येतं. स्टेशनबाहेर तर्री-पोहे खा, पण तर्री आधी चाखून घ्या. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा गाडीवाल्यानं ते कौतुक समजून आणखी वाढली. तिथून हिंगणघाटला एसटी, बायकांना अर्धं तिकीट. पुढे गावापर्यंत ऑटो. ऑटोवाला एकट्या सवारीचे दोनशे म्हणाला. मी सुई काढून विणायला बसले आणि सांगितलं, भरेपर्यंत थांबते. वीस रुपयांत पोचले. डिसेंबरात कापसाच्या गाड्या चालू असतात, रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकलेले असतात. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथल्या लोकांना बघे नको आहेत, आणि का ते पुढे कळेल.

ज्योत्स्नाच्या यजमानांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. मुलगी पल्लवी दिवसभर हिंगणघाटला कापडाच्या दुकानात काम करते आणि पोलीस भरतीची तयारी करते. पुढच्या आठवड्यात वर्ध्याला तिची मैदानी चाचणी होती. वयात बसायची ही तिची शेवटची भरती. "नाई झालं तर उन्हाळ्यात लग्न," ज्योत्स्नानं भाकरी थापता थापता सांगितलं. पल्लवी खाली मान घालून तुरीच्या शेंगा सोलत होती. मुलगा बघून ठेवलेला होता आणि तो वाईटही नव्हता, पण पल्लवीला तो नको होता, वर्दी हवी होती. रात्री जेवताना तिनं एवढंच विचारलं, "मावशी, आठशे मीटरच्या दुसऱ्या फेरीत दम काऊन तुटते?"

दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्यासोबत निघाले. तिकडे धुक्याला धुवारी म्हणतात, आणि ती काय असते हे मला फाटकाबाहेर पडल्यावर कळलं. स्वतःचे बूट दिसत नव्हते. रस्त्यावर आणखी तीन मुली उभ्या होत्या, सगळ्या भरतीवाल्या. पल्लवीनं खिशातून कच्च्या सुताचा चारपदरी धागा काढला आणि एकेकीच्या हातात दिला.

"धरा मावशी. अन सोडू नका."

त्या धाग्यावर एकामागे एक अशा आम्ही धावत निघालो. गावाबाहेर बंद पडलेलं कापसाचं जिनिंग, मग हायवे ओलांडायचा, मग मैदान. तिथे पोचल्यावर धागा सोडून ज्या त्या आपापल्या फेऱ्या मारतात. परत येताना पल्लवीनं कारण सांगितलं. मागच्या हिवाळ्यात वैशाली नावाची त्यांची पाचवी मैत्रीण असंच धावताना मागे पडली. बाकीच्या पुढे निघून गेल्या. हायवे ओलांडताना तिला ट्रकनं उडवलं, आणि तिकडे मैदानावर या तिची वाट पाहत बसल्या. धुवारीत काही ऐकूसुद्धा आलं नाही. तेव्हापासून घरच्यांनी एकाच अटीवर पळायला परवानगी दिली: सगळ्या एका सुतावर. शेवटची मुलगी उरलेलं टोक मनगटाला घट्ट गुंडाळून घेते. "टोक मोकळं ठेवायचं नाई," पल्लवी म्हणाली. पहिल्याच दिवशी फार खोदून विचारू नये म्हणून मी गप्प बसले.

विचारायला हवं होतं. पण विणणाऱ्या बाईला कच्चा धागा दिसला की तिची अक्कल हातात जाते. त्या दुपारी मी हिंगणघाटच्या बाजारातून जाड पांढऱ्या सुताचा कोन आणला. (विणणाऱ्यांसाठी: रंगीत सूत तिथे फारसं नाही, पांढरं मात्र घट्ट पिळाचं आणि स्वस्त.) चादर बाजूला ठेवली आणि साखळी टाक्यांचा छान भक्कम गोफ विणला. जागोजागी हात घालायला कडी. चार मुलींच्या चार आणि शेवटी माझी एक.

दुसऱ्या पहाटे मुली खूश झाल्या. "पोलीस व्हायच्या पहिलेच मावशीनं हातकड्या घातल्या," एक म्हणाली. त्या दिवशी धावायला मजा आली. सगळ्यात मागे मी होते, पल्लवी माझ्या पुढची कडी धरून, आणि एकही कडी रिकामी नव्हती.

पुढचा दिवस माझ्या योगासनांचा. नवशिक्यांना सांगते, धावण्याच्या दिवसांमधे एक दिवस मनगट, खांदे आणि मांड्यांना द्या, नाहीतर सुई आणि बूट दोन्ही सुटतील. मी गच्चीवर चटई टाकली. मुली गोफ घेऊन गेल्या. शवासनात पडले होते तेव्हा धुवारी इतकी खाली आली होती की गच्चीचा कठडाही नाहीसा झाला. रस्त्यावर पावलं वाजली. फार लवकर, आणि धावणारी नव्हती.

खाली आले तर चौघी ओट्यावर बसलेल्या. गोफ कुणाच्याच हातात नव्हता.

"मागून ओढून राह्यलं होतं," सगळ्यात मागे धावणारी म्हणाली. "माह्या मागच्या कडीत कोणी तरी होतं मावशी."

मी समजावलं. सूत दवानं भिजतं, आखडतं, पीळ धरतं, झुडपात अडकतं. मला स्वतःलाच ते बरंचसं पटलं. जिनिंगपाशी रस्त्यावर पडलेला गोफ मी उन्हं वर आल्यावर जाऊन आणला. शेवटची कडी मी गोल विणली होती. आता ती लांबट झाली होती, रोज वापरलेल्या पिशवीच्या बंदासारखी.

दुसऱ्या पहाटे फक्त पल्लवी आली. बाकीच्यांच्या घरच्यांनी पाठवलं नाही. पुढे ती, मागे मी, आणि माझ्यामागे मी मुद्दाम फक्त शेवटची कडी रिकामी ठेवली. खात्री करायची होती. मला धाग्याचा ताण कळतो. तीस वर्षं बोटांतून तोच जातोय. सैल कुठे, घट्ट कुठे, हे डोळे मिटून सांगते. जिनिंग ओलांडलं आणि मागून ताण आला. झुडपात अडकल्यावर येतो तसा एकदम नाही. थोडा येई, जाई, पुन्हा येई, धावणाऱ्याच्या हाताचा येतो तसा. तो पल्लवीच्या पावलांशी जुळत नव्हता आणि माझ्याही नाही. आम्ही वेग कमी केला. क्षणभरानं तोही कमी झाला. मला भीती वाटली, सरळ सांगते. मागे वळून पाहायची हिंमत झाली नाही. हायवेपाशी ताण एवढा वाढला की आम्ही थांबलोच, आणि तिथूनच परत फिरलो.

घरी येऊन मी कात्री काढली. ती कडी माझीच चूक होती. ज्योत्स्ना म्हणाली, "पाट मांडून ठेवला अन कोणाले बसवलं नाई, तर कोणी तरी येऊन बसतेच."

पल्लवीनं माझा हात धरला. "नका कापू, मावशी. एकदा टाकलंच ना आम्ही तिले मागं."

"मग जुन्या सुतावर पळा."

"ते बी तसंच झालं ना. तिची कडी घरी ठेवून आम्ही दुसऱ्या सुतावर जायचं?"

भाऊजी, म्हणजे ज्योत्स्नाचे यजमान, आतून सगळं ऐकत होते. फार बोलणारा माणूस नव्हे. बाहेर येऊन म्हणाले, "आता पळणं बंद. परीक्षा गेली तर गेली. पोरगी जायले नको." पल्लवी डबा भरून दुकानात निघून गेली. चाचणी तोंडावर आलेली, सकाळखेरीज तिला वेळ नाही, एकटीला धुवारीत कुणी जाऊ देणार नाही. ज्योत्स्ना उगीचच भांडी आपटत राहिली. मी चादरीच्या दोन ओळी विणल्या आणि चार उसवल्या.

दुपारी एक बाई मेथीच्या जुड्या घेऊन दारात आली. ज्योत्स्ना उठून उभीच राहिली. ती सिंधूकाकू, वैशालीची आई. तिची भाजीची वाडी नदीकडे आहे. गावात गोष्ट पोचायला कितीसा वेळ लागतो.

"मले पाहू द्या," तिनं माझ्याकडे हात केला.

मी गोफ दिला. तिनं एकेक कडी मागे सारली आणि शेवटच्या लांबट कडीत दोन बोटं घातली. तिचा चेहरा मला वाचता आला नाही. आता ही रडेल, नाहीतर मला शिव्या देईल, असं वाटलं.

"अजून एक कडी करून द्या बाई," ती म्हणाली. "याच्या मागं."

"कायले व, सिंधू?" ज्योत्स्नानं हळूच विचारलं.

"तिच्या मागं कोणी नव्हतं ना. म्हून मागं राह्यली ते." मग ती मेथीचे पैसे न घेताच गेली. जाताना म्हणाली, "पोरीयले सांगजो, उद्या मी येतो."

मी ती कडी विणली. इतकं जपून मी आयुष्यात काही विणलेलं नाही. आधीच्या कडीला सुईचं टोकही लागू दिलं नाही.

सिंधूकाकू येणार म्हटल्यावर पहाटे फाटकाशी चारही मुली होत्या. सिंधूकाकूनं नऊवारीसारखा काचा मारलेला, पायात निळे धावण्याचे बूट, तिच्या पायाला मोठे. कुणाचे ते सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊजी ओसरीत उभे होते. पल्लवीनं त्यांच्याकडे पाहिलं. ते हातातली विजेरी मला देऊन म्हणाले, "बाजूनं पळा तुम्ही. लक्ष ठेवा."

म्हणून मी गोफाच्या बाहेरून, रांगेच्या कडेनं धावले आणि सगळं पाहिलं. पुढे चौघी, मग रिकामी कडी, मग सिंधूकाकू. जिनिंग गेलं. विजेरीच्या उजेडात ती कडी लोंबत नव्हती, दोन्ही बाजूंनी ताणून चपटीही झाली नव्हती. हात घातल्यासारखी उघडी होती. काकू धापा टाकत हळू आवाजात बोलत होती. "सावकाश, माय. मी हाय ना मागं. सावकाश." हायवेपाशी सगळ्या थांबल्या, दोन्हीकडे कान दिले, आणि एकत्र ओलांडून गेल्या.

मैदानावर मुलींनी आपापल्या कड्या सोडल्या. गोफ गवतात पडला. सगळा नाही. काकूच्या मुठीपासून त्या कडीपर्यंतचा हातभर तुकडा तसाच आडवा, सरळ राहिला. तुम्ही मानू नका, मी काही आग्रह धरणार नाही. काकूनं तिकडे बघत मान हलवली. "जाय. पळ," ती म्हणाली, आणि तो तुकडा खाली आला.

त्यानंतर कुणी घाबरलं नाही असं नाही. पण चाचणीच्या आदल्या दिवसापर्यंत रोज सगळ्या गेल्या. मी माझ्या धावण्याच्या दिवशी बाहेरून धावले, आसनांच्या दिवशी गच्चीवर पडून पावलं ऐकली. ती मोजायची नाहीत एवढं पथ्य पाळलं. निघताना ज्योत्स्नानं तुरीच्या शेंगांची पिशवी आणि वर्ध्याची गोरसपाक बिस्किटं बांधून दिली. परतीची गाडी तीन तास उशिरा होती, हेही नोंदवून ठेवते.

आता घरी आहे. मनगट सुधारलंय, चादर अर्धी झालीय, नवरा चिंध्यांबद्दल बोलायचा थांबलाय. हिंगणघाटकडे जायचं असेल तर नक्की जा, रस्ते सपाट आहेत आणि माणसं पोटभर खाऊ घालतात. फक्त दुसऱ्यांच्या धाग्यात आपली अक्कल गुंफण्याआधी विचारा. मला त्या आठ दिवसांतलं बाकी काही स्पष्ट करून सांगता येत नाही, आणि खरं सांगायचं तर आता तशी गरजही वाटत नाही.

काल पल्लवीचा फोन आला. मैदान पास झाली. मी वेड्यासारखी नाचले. मग विचारलं, "दुसऱ्या फेरीत दम तुटला का गं?"

"तुटला ना. सगळ्यायच्या मागं पडली होती मी."

"मग?"

तिनं आवाज खाली आणला.

"मंग मागून पाय वाजले. मी सगळ्यात मागं होती मावशी, अन माह्या मागून पाय वाजले. मले भेव नाई वाटलं. मी पळाली."